बदली

गेल्या पावसाळ्यात मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जॉन पिल्जरचं ‘फ्रीडम नेक्स्ट टाइम’ मिळालं. दीडशेला. पाठीचा डिंक सुटलेला, पानं हातात यायची, मग रबरबँड लावून महिनाभर डोंबिवली फास्टमध्ये वाचलं, चौथी सीट मिळाली तर बसून नाहीतर दरवाज्याजवळ पुस्तक डोक्यावर धरून.

पिल्जर म्हणजे तसं जुनं खोड. मूळ ऑस्ट्रेलियन पत्रकार, लंडनच्या ‘डेली मिरर’मध्ये वीसेक वर्षं, व्हिएतनाम बघितलेला, 1979 मध्ये हुकूमशहा पोल पॉटनंतरचा कंबोडिया लोकांसमोर आणला, 2023 च्या 30 डिसेंबरला गेला. एकांगी आहे, कबूल. 1982 मध्ये थायलंडमधल्या एका विकल्या गेलेल्या मुलीची त्याची बातमी साफ खोटी निघाली होती, मधल्या माणसाने गंडवलं. हे कळल्यापासून मी त्याचं चिमूटभर मीठ टाकूनच वाचतो. या पुस्तकात भारतावर पण एक प्रकरण आहे, ‘इंडिया शायनिंग’च्या काळातलं, पण मुंबईत राहणाऱ्याला त्यात नवीन काय सांगणार.

पण पहिलं प्रकरण! दिएगो गार्सिया. आपल्या खाली मालदीव, त्याच्याही खाली चागोस बेटं. 1966 मध्ये ब्रिटनने हे बेट अमेरिकेला लष्करी तळासाठी 50 वर्षांच्या कराराने दिलं. अडचण एकच, तिथे माणसं राहत होती, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, नारळाच्या मळ्यांवर, चर्च कबरस्तान सगळं असलेली. मग लंडनच्या साहेबांनी फायलीत काय लिहावं, तर हे इथले रहिवासी नाहीतच, हे कंत्राटावर आलेले तात्पुरते मजूर. झालं, प्रश्न मिटला. 1971 मध्ये लोकांचे कुत्रे गोळा केले, खोबरं वाळवायच्या शेडमध्ये कोंडले आणि गाड्यांचा धूर आत सोडला. ते वाचत होतो तेव्हा घाटकोपर आलं, गर्दी आत घुसली आणि मी तेच वाक्य तीनदा वाचलं बहुतेक. 1973 पर्यंत सगळी बेटं रिकामी, दीड-दोन हजार माणसं मॉरिशस नाहीतर सेशेल्सच्या धक्क्यावर. नंतर त्याच बेटावरून 2001 मध्ये अफगाणिस्तानवर आणि 2003 मध्ये इराकवर बॉम्बर उडाले, आपण टीव्हीवर नाव ऐकायचो पण वाटायचं असेल कुठलातरी विमानतळ, तिथून कुणाला हाकललंय हे त्या बातमीत कशाला येईल.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. बाबा अकरा वर्षं गिरणीत, साचा खात्यात म्हणजे मागांवर, आणि अकराही वर्षं कागदावर ‘बदली’. म्हणजे पाळी सुरू व्हायच्या आधी कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा असेल तर जॉबर, म्हणजे मुकादम, आत घेणार, नाहीतर चहा पिऊन घरी. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीचेक लाख गिरणी कामगार बाहेर, आणि तो संप तर कधी रीतसर मागेच घेतला गेला नाही. पुढे हिशेबाची वेळ आली तेव्हा तोच शब्द परत समोर आला. तुम्ही पर्मनंट कुठे होता? अकरा वर्षं त्याच साच्यावर उभा राहिलेला माणूस, आणि कागद म्हणतो अधूनमधून यायचा.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं, भाकरी मोडली आणि म्हणाले, “तिकडं पण बदलीच लावली म्हण की.” मग जरा वेळाने, “आणि कुत्र्यांचं काय केलं म्हणालास?” मी परत सांगितलं. त्यांनी ताट सरकवलं, टीव्ही लावला.

तर आता मला पिल्जरचं 1998 चं ‘हिडन अजेंडाज’ पाहिजे, त्यात पेपरवाल्यांच्या धंद्यावर बरंच आहे आणि लिव्हरपूलच्या काढून टाकलेल्या गोदी कामगारांवरही लिहिलंय, ते बाबांना मराठीत सांगायचंय. फाउंटनला दोन फेऱ्या झाल्या, नाही मिळालं. कुणाकडे असेल तर सांगा, सांभाळून वाचीन, रबरबँड माझा.