नाही, मांजरांमुळे नाही

यंदाच्या गणेशचवथीलाही तेच झालं. गणपतीवर फळांची माटोळी बांधून झाली होती, बायका नेवऱ्या करायला बसल्या होत्या, आणि काकी म्हणाली, "ही पूर्वी किती फिरायची! आता माजरांनी दावणीला बांधलंय हिला." सगळ्या हसल्या. ऑफिसात हाच प्रश्न असतो, जुन्या ट्रेकच्या मैत्रिणी फोनवर हेच विचारतात: मांजराच्या पिल्लांसाठी एवढं फिरणं सोडलंस? दरवेळी मी "हो, जमत नाही आता" म्हणून विषय संपवते. ते खरं नाही. तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून आज एकदा नीट सांगते.

पहिली गोष्ट, पिल्लं आणि फिरणं ही दोन्ही कामं मी चार वर्षं एकत्र केली आहेत. माजुलीला गेले, ब्रह्मपुत्रेच्या होडीत मोटारसायकलींच्या मधे उभी राहून. मेघालयात नोंग्रियाटच्या तीन हजारांवर पायऱ्या उतरून मुळांच्या पुलावर बसले, दुसऱ्या दिवशी त्याच पायऱ्या चढून आले. दोन्ही हिवाळ्यात. आमच्याकडे गोव्यात टाकलेली पिल्लं येतात ती जूनच्या तोंडाला. किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे झावळ्यांची खानावळ-हॉटेलं, ३१ मेला बंद होतात. ऑक्टोबरपासून गिऱ्हाइकांच्या ताटातलं नुस्तं, म्हणजे मासळी, खाऊन वाढलेल्या मांजरी तिथेच व्यालेल्या असतात, आणि लाकडं-झावळ्या उतरवल्या की खाली चार-पाच पिल्लं सापडतात. आई सापडत नाही, किंवा सापडते ती रस्त्यावर. तर जून-जुलै पिल्लांचे, डिसेंबर माझा. भांडण नव्हतंच. हिमाचलातल्या स्पितीमुळे झालं, कारण स्पितीची पूर्ण फेरी उन्हाळ्या-पावसाळ्यातच जमते, हिवाळ्यात मनालीकडची कुंझुम खिंड बर्फाखाली असते.

२०१६. मोरजीच्या एका मोडलेल्या शॅकखालून पाच आणली होती. डोळे नुकते किलकिले झालेले, म्हणजे आठ-दहा दिवसांची. ज्यांनी हे केलं नाही त्यांना वाटतं, दूध पाजलं की झालं. गाईचं दूध त्यांना चालत नाही, हगवण लागते आणि त्यातच जातात. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मग दूध; थंड पोटात दूध पचत नाही. पाजायचं ते पालथं धरून, बाळासारखं उताणं नाही, नाहीतर दूध छातीत जातं. दर अडीच-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजून झालं की ओल्या कापसाने खालून पुसायचं, कारण आईने चाटल्याशिवाय त्यांना शू होत नाही. रोज वजन. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढलं तर ठीक, काटा तिथेच राहिला तर काळजी. हे सगळं मी महिनाभर केलं, आणि पाचही जगली. सात आठवड्यांची झाली. पडद्यावर चढू लागली. मी ती डिचोलीला आईकडे नेऊन दिली आणि स्पितीला निघाले.

लस दिली नव्हती. सहा आठवड्यांपासून देता येते. एक आठवडा हातात होता. रजेआधीची कामं उरकायची होती, मी म्हटलं, आल्यावर देऊ. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल याचा हिशेब नाही.

वाटेत रेकाँग पिओला शेवटचं बरं नेटवर्क होतं. स्पितीतल्या काझ्याला जाणाऱ्या सकाळच्या बसची वाट बघत स्टँडवर चहा पीत होते, तेव्हा आईचा मेसेज आला. आई मराठी शाळेत शिकलेली, घरी कोंकणी बोलली तरी लिहिते मराठीत, पूर्णविरामासकट. "पांढरा कालपासून खात नाही. दोनदा पिवळं ओकला. पाण्याच्या वाटीवर तोंड धरून बसून असतो."

मी उत्तर दिलं, "पाणी पितोय ना, मग होईल बरा. उद्या बघ." आणि फोन खिशात टाकला.

तो पाणी पीत नव्हता. आईने पितो असं लिहिलंच नव्हतं. तोंड धरून बसतो असं लिहिलं होतं. मांजरांच्या पार्व्होत, म्हणजे लस न दिलेल्या पिल्लांना होणाऱ्या विषाणूच्या आजारात, पिल्लू हेच करतं: तहान असते, गिळवत नाही, म्हणून वाटीवर मान टाकून बसतं. त्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं, हे मी माझ्या बाजूने नेहमी मांडते. पण दोनदा पिवळं ओकला, हे वाचता येत होतं. कालपासून खात नाही, हेही. त्या तीन वाक्यांतलं मला गैरसोयीचं नव्हतं तेवढंच मी वाचलं, आणि त्यातही एक शब्द पदरचा घातला. आईला "आत्ता डॉक्टरांकडे ने" एवढं लिहायला किती वेळ लागला असता? बस स्टँडवर लागत होती.

मग खाब आलं, सतलज आणि स्पितीचा संगम, एक पाणी मातकट आणि एक करडं. मग नाको, ताबो, संध्याकाळी काझा. तेव्हा तिथे बीएसएनएल सोडून काही चालत नव्हतं आणि माझं सिम दुसरं होतं. हेही मी सांगत आले आहे: नेटवर्क नव्हतं. पण काझ्याच्या बाजारात फोन करता आला असता. मी दोन दिवस शोधला नाही. त्या दोन दिवसांत 'की' नावाचा मठ पाहिला, लांग्झाला गेले. लांग्झा ४,४०० मीटरवर आहे. तिथल्या मुलाने माझ्या तळहातावर एक काळा दगड ठेवला, आत शंखाचं वेटोळं. हिमालय उठण्याआधी तिथे समुद्र होता, त्या समुद्रातल्या जिवाचा ठसा. मी मांडवीच्या काठची, समुद्राची, आणि एवढ्या उंचीवर हातात शंख. मला रडू आलं, इतका आनंद झाला. त्या वेळी डिचोलीत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, आणि आता तो दगड आठवला की दोन्ही एकदम आठवतं. वेगळं करता येत नाही.

तिसऱ्या दिवशी एका दुकानातून फोन लावला. आई म्हणाली, "चार गेलीं गो. एक आसा." बस, एवढंच. मी काय बोलले आठवत नाही.

तिने काय केलं ते मी हळूहळू जोडून घेतलं. माझ्या मेसेजप्रमाणे तिने एक दिवस वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी पांढरा गेला आणि आणखी दोन ओकायला लागली, तेव्हा उरलेली चार टोपलीत घालून, वर टॉवेल टाकून, पावसातून बसने म्हापशाला आमच्या डॉक्टरांकडे गेली. तेव्हा तिचं वय ६३. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन दिलं, ओकारी थांबवायचं इंजेक्शन दिलं. परतताना एक बसमध्येच गेलं. तिने ते टोपलीत तसंच राहू दिलं, शेजारच्या बाईने विचारलं तर झोपलंय म्हणाली. चारही तिने मागच्या माडाखाली पुरली, शेजारचा मुलगा खड्डा खणायला आला होता. घर फिनाईलने तीन-तीनदा पुसलं. फिनाईलने हा विषाणू मरत नाही, ब्लीचिंग पावडर लागते, हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. ते सांगणारी लांग्झाला होती.

आता माझ्याशीच माझं जे भांडण आहे ते ऐका. पिओहून त्याच क्षणी उलटी फिरले असते तरी सिमला, चंदीगड, विमान, असं करून घरी पोचायला दोन दिवस गेले असते. तोवर व्हायचं ते झालं असतं. डॉक्टर म्हणाले, मी निघाले तेव्हाच विषाणू पोटात शिरलेला असू शकतो, लागण झाल्यावर काही दिवस काहीच दिसत नाही. म्हणजे मी तिथे असते तरी कदाचित चार गेलीच असती. हे खरं आहे, आणि मी वर्षानुवर्षं त्याच्या आधाराने झोपले. पण मग लस? आणि तो एक वाया गेलेला दिवस? आणि आई एकटी त्या बसमध्ये? याला माझ्याकडे उत्तर नाही.

मांजरांमुळे सुटलं म्हणणाऱ्यांनी पुढचं लक्षात घ्या. पार्व्होचा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. डॉक्टरांनी सांगितलं, लस न दिलेलं पिल्लू वर्षभर या घरांत आणू नका, आईकडेही नाही, तुमच्याकडेही नाही. नाही आणलं. पूर्ण एक वर्ष माझ्याकडे एकही पिल्लू नव्हतं. पाचांतली वाचलेली मांजर, चांदी, होती, ती धडधाकट, तिला कुणीही दोन वेळा खायला घातलं असतं. रजा होती, पैसे होते, मैत्रिणी बोलावत होत्या. मी कुठेही गेले नाही. बांधून ठेवणारं कुणीच नव्हतं.

२०१९ मध्ये हंपीला जाऊन आले, दोन रात्री. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. तुंगभद्रेकाठी सकाळी बसले होते आणि पूर्वीसारखंच अंगातून काहीतरी हललं. म्हणजे फिरण्याची ओढ मेलेली नाही. पण त्या दोन दिवसांत मी आईला दहा वेळा फोन केला, आणि तेव्हा तिच्याकडे एकही पिल्लू नव्हतं. "कितें जालां गो तुका?" म्हणून ती वैतागली.

मला भीती आहे ती माझ्याच वाचण्याची. दूर गेले की मी आलेला निरोप माझ्या सोयीचा करून वाचते. घरी, वजनकाट्यासमोर, मी तशी नाही. काट्यावर दोन ग्रॅम कमी दिसले तर मी रात्री अकरा वाजता डॉक्टरांना फोन करते. तीच बाई बस लागली की वेगळी होते, हे मी एकदा पाहिलं आहे.

काकीच्या बोलण्यावर मी गप्प राहिले, आणि त्याची मला आता लाज वाटते, कारण आई तिथेच होती. रात्री भांडी घासताना तिने मान वर न करता विचारलं, "माझ्याकडे ठेवायला भितेस, होय ना?"

इतकी वर्षं ती हे धरून होती. मला कधी सुचलंच नाही. मी गेले नाही त्याचा अर्थ तिने असा लावला, की माझ्या हातात चार मेली म्हणून मुलगी माझ्याकडे पुन्हा ठेवत नाही. मी "नाही गे आई" म्हटलं, आणि पुढे काहीच बोलता आलं नाही. तो मेसेज आणि माझं उत्तर मी अजून जपून ठेवलंय. तिच्या फोनमधून तो केव्हाच गेला. तिला वाटतं, मी काहीतरी वेगळं सांगितलं असेल आणि तिनेच उशीर केला.

दुसऱ्या दिवशी निघताना ती म्हणाली, "पुढच्या जूनात जा. काय काय बघायचं ते कागदावर लिहून दे."

लिहायला घेतलं आहे. आधी ऊब, मग दूध, हे लिहिलं. वजन, लसीची तारीख, ब्लीचिंग पावडरचं प्रमाण, डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरात. मग "पाण्याच्या वाटीवर तोंड धरून बसलं तर" इथपर्यंत आले. त्याच्यापुढे "मला विचारत बसू नकोस" असं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. कागद म्हापशाला माझ्या फ्रिजवर आहे. डिचोलीला अजून नेलेला नाही.