हेडर बसवल्यावर बीटलचं इंजिन का तापतं?

फोक्सवॅगन बीटलच्या एअर-कूल्ड (हवेने थंड होणाऱ्या) इंजिनाला हेडर, म्हणजे मोकळा एक्झॉस्ट लावला आणि ते तापू लागलं की बहुतेकजण आधी जाड ऑइलकडे वळतात. मला हे अजिबात पटत नाही. आधी इंजिनाभोवती हवा वळवणारे पत्रे बघा.

हेडरसाठी हीटर बॉक्स (एक्झॉस्टच्या उष्णतेने केबिन गरम करणारे डबे) काढले, की पंख्याच्या आवरणातून त्यांच्याकडे जाणारी दोन तोंडं उघडी राहतात. सिलेंडरवर जायची हवा तिथूनच निसटते. दोन्ही तोंडं झाकणं लावून घट्ट बंद करा. मागच्या पत्र्यात पाइपासाठी कापलेल्या फटीही बुजवा आणि इंजिनाभोवतीचं रबर सील कडक झालं असेल तर बदला. नाहीतर एक्झॉस्टची गरम हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो.

दुसरी गोष्ट हवा-पेट्रोलच्या मिश्रणाची. मोकळ्या एक्झॉस्टने ते सहसा लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) एका वेळी एकच माप वाढवा, थोडं चालवा, मग स्पार्क प्लग बघा. पांढरेफटक म्हणजे अजून लीन, फिकट तपकिरी म्हणजे ठीक. एक्झॉस्टच्या जोडावर फुर्रफुर्र आवाज येत असेल तर गॅसकेट आधी बदला. गळतीतून हवा आत शिरली की वाइडबँडचं (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचं) रीडिंगही फसवं येतं.

इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) स्ट्रोब दिव्यानेच तपासा. ३००० आरपीएमच्या वर एकूण अॅडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते ते) ३० अंशांच्या आसपास असावा. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) इंजिन पूर्ण थंड असताना ०.१५ मिमी. तिसऱ्या सिलेंडरवर विशेष लक्ष ठेवा: १९७१ पूर्वीच्या आवरणात ऑइल कूलर त्याच्याच हवेच्या वाटेत उभा असतो.