उलटा आलेख

तीन नळ्या होत्या. पहिलीतल्या हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) रिकामं प्लाझ्मिड, म्हणजे जनुक पेशीत नेणारं डीएनएचं कडं, दिलेलं, दुसरीतल्यांना एचआयव्हीच्या व्हीपीआर प्रथिनाचं जनुक आणि तिसरीतल्यांना त्याच जनुकाचं एका जागी बदललेलं रूप. अख्खा विषाणू कशातच नव्हता. ४८ तासांनी पेशी प्रोपिडियम आयोडाइडने रंगवून फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीचा उजेड मोजणाऱ्या यंत्रावर, लावल्या. हा रंग डीएनएला चिकटतो. जितका डीएनए, तितका उजेड.

पहिला आलेख ओळखीचा. आडवा उजेड, उभी पेशींची संख्या. डावीकडे उंच शिखर, उजवीकडे दुप्पट उजेडावर बुटकं. तिथल्या पेशी डीएनएची नक्कल संपवून विभाजनाच्या उंबरठ्यावर असतात. दुसरी नळी लावली आणि आलेख उलटाच उमटला. डावं शिखर खचलेलं, उजवं ताठ. माझा विश्वास बसेना. दोन पेशी एकमेकींना चिकटून गेल्या तरी यंत्राला दुप्पट उजेड दिसतो, म्हणून अशा जोड्या गाळून पाहिल्या. उजवं शिखर हललं नाही. की बाहेरचा डीएनए घातल्यानेच पेशी आजारल्या? पण पहिल्या नळीलाही तो तेवढाच दिला होता.

उत्तर तिसरीने दिलं. तिथे व्हीपीआरमधलं ६५ व्या जागेवरचं ग्लुटामिन काढून आर्जिनिन बसवलं होतं. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे पेशीत प्रथिन बनलं का हे दाखवणाऱ्या चाचणीत, ते भरपूर दिसत होतं, तरीही आलेख हुबेहूब पहिल्यासारखा! ९६ अमिनो आम्लांतलं एक बदललं आणि पेशी पुन्हा विभागू लागल्या.

पेशी नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिनची खूण लावते आणि प्रोटिअसोम त्यांचे तुकडे करतं. खूण कोणाला लावायची हे ठरवणाऱ्या एका यंत्रणेत डीसीएएफ१ नावाचं प्रथिन असतं. व्हीपीआर नेमकं त्यालाच धरतं आणि पेशीने एरवी टाकली नसती अशी प्रथिनं तिच्याच हातून नष्ट करवतं. मग एटीआर हे डीएनएवरच्या संकटाची वर्दी देणारं प्रथिन जागं होतं, विभाजन सुरू करणारं सीडीके१ दबलेलंच राहतं आणि पेशी जी२ टप्प्यात, म्हणजे डीएनएची नक्कल संपल्यावर पण विभाजनाआधी, अडकते. विषाणूला हेच हवं असतं, कारण या टप्प्यात त्याची जनुकं अधिक जोमाने वाचली जातात. बदललेल्या प्रथिनाला मात्र डीसीएएफ१ वर पकडच बसत नाही.

हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी त्या दिवशी हात थरथरत होते. या साऱ्यात विषाणूचं स्वतःचं एवढंसं प्रथिन. बाकी हत्यारं, धोक्याची घंटा, कुलूप, सगळं पेशीचंच.

संध्याकाळी इन्क्युबेटरमधून दुसऱ्या नळीचा जोड फ्लास्क काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पेशी विरळ होत्या, फुगून मोठ्या झालेल्या. विभागताना त्या गोल होतात. बराच वेळ शोधूनही तशी एकही दिसली नाही.