आजोबांची दुनळी: नळ्यांवर कुठले फिनिश? एका पावसाळ्याची नोंद

आषाढ, पहिला आठवडा

शेवटी आज बंदूक उघडून, नळ्या सुट्या करून टेबलावर ठेवल्या. बर्मिंगहॅमची बारा बोअर बॉक्सलॉक (चापाची यंत्रणा बॉडीच्या आतच बसवलेली), शेजारी-शेजारी दोन नळ्या, ३० इंची. आजोबांनी ती शिवपुरीच्या रानात चालवली. तेव्हा ते शिंद्यांचे शिकारीचे रान होते, आता तिथे माधव राष्ट्रीय उद्यान आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि बंदूक कपाटात गेली. बाबांनी ती तेल लावून सांभाळली, आता लायसन्स माझ्या नावावर आहे. वर्षातून एकदा, दसऱ्याला, ती पाटावर येते.

गंज तीन ठिकाणी आहे. दोन नळ्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्टीच्या कडेने एक बारीक तांबूस रेघ आहे. उजव्या नळीवर, हाताची पकड येते तिथे, ठिपक्यांचा पुंजका आहे. तो २०२२ च्या जून-जुलैमधला. महापालिकेच्या निवडणुकीसाठी हत्यारे जमा करायची होती, आपली बंदूक चामड्याच्या पेटीतच महिनाभर पडून राहिली आणि पेटीने सगळी ओल धरून ठेवली. घामाचे हात लागलेले कुणी पुसले नव्हते. परत आणली तेव्हा अंगठ्याचा ठसा अक्षरशः गंजात उमटला होता.

तिसरी जागा डाव्या नळीवर, अगदी मागच्या टोकाशी. तिथे बोटाच्या टोकाएवढा खडबडीत डाग आहे. आधी समजेना हा इथेच का. मग लक्षात आले, दरवर्षी शस्त्रपूजेला ओल्या गंधाचे बोट तिथेच टेकते. आधी आजोबांचे, मग बाबांचे, आता माझे. गंध वाळते, त्याची पूड ओल धरते, आणि उत्तरपूजेपर्यंत कुणी हात लावत नाही.

मूळचे ब्लूइंग, म्हणजे पोलादावर मुद्दाम आणलेला निळा-काळा थर, नळ्यांच्या तोंडाशी आणि पकडीपाशी पार उडाले आहे. यंदा नवे फिनिश करायचेच.

त्याच आठवड्यात, दोन दिवसांनी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या ज्या लायसन्सवाल्या मिस्त्रींकडे बाबा जायचे, त्या चाचांकडे नळ्या दाखवून आले. (ज्यांना नव्याने सांगायला हवे त्यांच्यासाठी: १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलासुद्धा लायसन्स लागते. मी घरी जे काही करते ते लोखंडाच्या पट्ट्यांवर. बंदुकीचे काम चाचांच्या दुकानात.)

मी ब्लॅकोडायझिंगचे विचारले. कारखान्यांत नट-बोल्ट काळे करतात तेच, स्वस्त, पाऊण तासात काम होते. चाचांनी नळ्या उचलून पट्टीवर नख फिरवले आणि म्हणाले, "बेटा, ये पट्टी राँगे से जुड़ी है. उस नमक में उबाली तो खुल जाएगी."

हे दुनळीवाल्या प्रत्येकाने गाठीला बांधावे. ब्लॅकोडायझिंगचे पाणी म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचे क्षार, साधारण १४० अंशांना उकळणारे. कथील-शिशाचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे वाटते की चालून जाईल. पण इथे प्रश्न वितळण्याचा नाहीच. कॉस्टिक कथील आणि शिसे दोन्ही खातो. शिवाय दोन नळ्यांच्या मधल्या पोकळीत क्षार शिरला तर तो धुऊन निघत नाही, आतून वर्षानुवर्षे गंजवत राहतो. एकनळीला किंवा रायफलीला ही पद्धत उत्तम. दुनळीला नाही.

आषाढ, तिसरा आठवडा

लोहिया बाजारातून साध्या पोलादाची पट्टी आणली, एक इंच रुंद, आणि सहा तुकडे केले. सगळे एकाच क्रमाने रेतीकागदावर घासले. एक तसाच कोरा ठेवला. एकावर बाटलीतले कोल्ड ब्लू. एक ब्लॅकोडायझिंगला दिला (तुलनेसाठी). एक फॉस्फेटिंग (पोलादावर फॉस्फेटच्या स्फटिकांचा थर) करून आणला. दोन रस्ट ब्लूइंगसाठी ठेवले, त्यातला एक मी नळाच्या पाण्याने बिघडवला.

तो बिघडलाच ते सांगते, कारण यात शिकण्यासारखे आहे. रस्ट ब्लूइंगमध्ये आपण मुद्दाम गंज आणतो. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडात लोखंड विरवून केलेल्या पाण्याचा अगदी पातळ हात द्यायचा, दमट जागी टांगायचे, तांबडा गंज आला की उकळत्या पाण्यात सोडायचे. उकळीत तो तांबडा ऑक्साइड काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. मग बारीक स्टील वूलने वरची सैल काजळी हलक्या हाताने काढायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. मी पहिल्या तुकड्याला नळाचे पाणी वापरले. त्यातल्या क्षारांचे पांढुरके ओघळ उमटले आणि पुढच्या चारही फेऱ्यांत तिथे रंग धरला नाही. दुसऱ्याला बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी वापरले. स्टील वूलसुद्धा अ‍ॅसिटोनमध्ये धुऊन घेतले, कारण त्याला कारखान्याचे तेल असते. हातमोजे सुती.

मे महिन्यात, लू चालू असताना, मी हाच प्रयोग करून पाहिला होता आणि दिवसभर टांगूनही नीट गंज धरला नव्हता. आता गच्चीच्या जिन्यात टांगला तर साडेतीन तासांत नारिंगी मखमल चढली. अगदी एकसारखी, बारीक, पीचच्या सालीवर असते तशी लव. उकळत्या पाण्यात सोडल्यावर ती डोळ्यांदेखत तपकिरी झाली, मग काळसर, आणि मिनिटभरात नारिंगी रंगाचा मागमूस राहिला नाही. सात फेऱ्या केल्या. पहिल्या तीन निराश करतात, राखाडी पट्टे दिसतात. पाचवीनंतर खोली येते.

नागपंचमी

सगळ्या तुकड्यांच्या अर्ध्या भागाला तेल, अर्धा कोरडा. प्रत्येकावर घामाचा अंगठा आणि ओल्या गंधाचा एक ठिपका. जिन्यात दहा दिवस.

कोरा तुकडा दुसऱ्याच दिवशी गेला. कोल्ड ब्लूचा गंधाखाली तिसऱ्या दिवशी. कोल्ड ब्लू म्हणजे सेलेनियम आणि तांब्याच्या क्षारांनी आलेला रंग, खरचटलेल्या जागा झाकायला ठीक, संरक्षण म्हणून त्यावर विसंबू नये. (आणि वापराल तर खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालूनच.) ब्लॅकोडायझिंग आणि रस्ट ब्लू, दोन्हींचा तेलाचा भाग स्वच्छ, कोरडा भाग गंजला, रस्ट ब्लूचा उशिरा. फॉस्फेट सगळ्यांत सरस निघाले. त्याचे बारीक स्फटिक तेल शोषून धरतात, अंगठ्याचा ठसा तिथे उमटलाच नाही.

तरी मी फॉस्फेट निवडत नाही. त्याआधी वाळूचा मारा करायचा असतो. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे (बंदुकांच्या नळ्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे) शिक्के आणि नायट्रो प्रूफची (धूरविरहित दारूसाठी चाचणी झाल्याची) अक्षरे नळ्यांच्या पोटाशी इतकी उथळ आहेत की मला तिथे रेतीकागदसुद्धा चालवायचा नाही. सिरॅमिक कोटिंगचाही विचार केला. ते भट्टीत साधारण १२० अंशांवर भाजतात, म्हणजे डाखाला धोका नाही, आणि पावसात-चिखलात रोज वापरायच्या बंदुकीला मी तेच सुचवीन. पण त्याच्या खालीही वाळूचा मारा आलाच, आणि उद्या कुणाला काढायचे झाले तर पुन्हा तोच. रस्ट ब्लू नंतरच्या माणसाला सौम्य अ‍ॅसिडने उतरवता येते, खालचे पोलाद तसेच राहते. त्याचा थर अगदी पातळ आहे, तेलाशिवाय तो फार काळ टिकणार नाही, हे मान्य करून निवडले.

गणपतीच्या आधी

नळ्या चाचांकडे. आतून ग्रीस, दोन्ही तोंडांना लाकडी बुचे. घासण्यावरून आमची थोडी चर्चा झाली. गंधाच्या डागाचे खड्डे पूर्ण काढायचे तर मागच्या टोकाचे बरेच पोलाद घासावे लागले असते, आणि स्फोटाचा सगळा जोर तिथेच असतो. खड्डे राहू द्यायचे ठरले. फक्त आतला गंज काढला.

चाचांनी आठ फेऱ्या केल्या. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून अ‍ॅसिड मारले आणि नळ्या गरम असतानाच तेल दिले. बॉक्सलॉकच्या बॉडीला हात लावला नाही. तिच्यावर केस हार्डनिंगचे (लोखंडाचा पृष्ठभाग तापवून कडक करण्याचे) निळे-पिवळे ढग अजून कोपऱ्यांत शिल्लक आहेत, ते पुन्हा आणायला लोखंड लाल तापवावे लागते आणि वाकण्याची भीती असते. तिथे फक्त मेण.

नळ्या घरी आल्यावर खिडकीपाशी धरल्या. चकचकीत अजिबात नाहीत. ओल्या पाटीसारख्या काळ्या, उन्हात तिरक्या धरल्या तर आत निळे दिसते. मागच्या टोकाला बोटाच्या आकाराचे खड्डेही तसेच काळे झालेत. आईने चष्मा लावून पाहिले आणि त्यावर आपले बोट टेकवून पाहिले.

दसऱ्यानंतर

नळ्यांवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचे दोन हात दिले होते. ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात जतनासाठी तयार झाले तेच मेण. आधी रस्ट ब्लूच्या तुकड्यावर पाहिले: गंध त्याच रात्री पुसले तर खूण राहत नाही, सकाळपर्यंत ठेवले तर फिकट कडे उमटते. आईला तुकडा दाखवला. ती म्हणाली, "आरती झाली की पुसून घे, त्यात काही वावगं नाही." रात्री साडेनऊला पुसले, पुन्हा मेण दिले. सकाळी पाहिले, खूण नाही.

चामड्याची पेटी माळ्यावर टाकली. बंदूक आता कपाटात उभी, नळ्यांची तोंडे खाली, म्हणजे जास्तीचे तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. पट्टीच्या कडेची रेघ दर पंधरवड्याला भिंगातून पाहते आहे, कारण परत गंज आलाच तर आधी तिथे येईल. तुकडे जिन्यातच टांगलेले आहेत. पुढच्या आषाढात त्यांचे फोटो टाकते.