कॉन्टेसाचा रंग आणि आरटीओतले सात महिने

बाबांनी १९८८ मध्ये हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा घेतली ती गडद निळी. १९९७ मध्ये ती मरून झाली. आणि आरटीओच्या कम्प्यूटरमध्ये ती पांढरी होती. पांढरी ती आयुष्यात एक दिवसही नव्हती. या एका शब्दापायी माझे सात महिने गेले, आणि अजून आठवलं की डोकं तापतं. ज्यांच्या घरी जुनी गाडी मूळ रूपात आणायची की मनासारखी सजवायची यावर वाद चाललाय, त्यांनी रंगाचा डबा उघडण्याआधी हे वाचावं म्हणून लिहितेय.

आमच्याकडे वाद होता तो माझ्यात आणि भाच्यात. त्याला गाडी मॅट ब्लॅक हवी होती. बॉनेटवर दोन लाल पट्टे, मागे रुंद चाकं, आणि ती बसावीत म्हणून मागच्या मडगार्डची कड कापायची. "आत्या, आपल्याकडे मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची दांडगी गाडी, म्हणावी अशी ही एकच. तिला अशी म्हातारी करून काय ठेवायची?" मी त्याला उडवून लावलं नाही. लांब बॉनेट, चौकोनी नाक, मागच्या चाकांवर चालणारी गाडी; अंगकाठी तर आहेच. मुळात ती इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरवरून घेतलेली, १९८४ पासून बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनलेली, आणि आमच्या गाडीत इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन. भाचा अमेरिकेचे दाखले द्यायचा. तिकडे १९६७ मध्ये डॉन येन्को नावाचा डीलर शेवरलेच्या कमारोमध्ये ४२७ घन इंचांचं इंजिन टाकून गाड्या विकायचा, म्हणजे आपल्या मनाने गाडी घडवणं हीच त्या गाड्यांची रीत, असं त्याचं म्हणणं. खरं आहे. पण त्याच अमेरिकेत आज इंजिनाचा नंबर, चासीचा नंबर आणि कारखान्यातून आलेला रंग जुळला तर गाडीला जास्त किंमत येते, हेही मला त्यानेच सांगितलेलं.

माझं मत पहिल्या दिवसापासून एकच होतं. बोल्ट काढून परत लावता येतं ते सगळं कर, पण पत्र्याला कटर लावायचा नाही. याला भावनेखेरीज दुसरंही कारण आहे. केंद्राने २०२१ च्या जुलैमध्ये विंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते; चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. आमची गाडी २०३८ मध्ये पन्नाशीची होईल. तोवर ती बाबांनी आणली तशी राहावी, एवढंच मला हवं होतं. म्हणून रंगही परत निळाच.

गाडी माझ्या नावावर करून घेणं वगैरे आधीच झालं होतं, त्यात काही अडलं नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ती येतेच. तेव्हा पाच हजार फी होती, वर पर्यावरण कर, अर्ज ऑनलाइन भरला आणि गाडी पासिंगला नेली. चासी नंबरचा ठसा मीच घेतला. नंबरावर चिकटपट्टी लावायची आणि वरून शिसपेन्सिल हलक्या हाताने आडवी फिरवायची, आकडे उमटतात. आधी तिथला गंज आणि ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर ३ आणि ८ यांत फरक दिसत नाही.

निरीक्षकांनी गाडीकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे. "मॅडम, ही तर पांढरी आहे."

मी म्हटलं, "साहेब, मरून आहे, समोर उभी आहे."

"कम्प्यूटरला पांढरी दिसतेय."

मी जुनं आरसी बुक काढलं. त्यात रंग निळा. म्हणजे एका गाडीचे तीन रंग झाले. मरून आमची जबाबदारी. १९९७ मध्ये गंज लागला म्हणून बाबांनी पेंटरकडून रंगवून घेतली आणि नोंद केली नाही, ते चुकलंच. पण पांढरा कुठून आला? पुस्तक जाऊन स्मार्ट कार्ड आलं तेव्हा कुणीतरी तो टाइप केला. २०१८ च्या कार्डावरही तोच छापलेला होता आणि मी तो वाचला नव्हता. तुम्ही आत्ता उठून तुमचं कार्ड वाचा. रंग, इंजिन नंबर, इंधन, आसनं, सगळं जुन्या पुस्तकाशी ताडून बघा.

पासिंग थांबलं. तिथून खिडक्या सुरू झाल्या. पहिल्या खिडकीवर सांगितलं, रंगबदलाचा अर्ज करा, आठ दिवसांत होतं. पांढऱ्याचा निळा करून घ्या, विषय संपला. बाहेरच्या एजंटनेही हेच सांगितलं, वर पैशाचा आकडाही सांगितला. घरचेही म्हणाले, करून टाक. सगळ्यांना मी एकच सांगत राहिले: मी रंग बदलत नाहीये. निळा हाच मूळ रंग आहे. रंगबदल म्हणून अर्ज केला तर कायमचं असं लिहिलं जाईल की गाडी पांढरी आली आणि मी ती निळी केली. २०३८ मध्ये मूळ रूप दाखवायची वेळ आली की सरकारी कागदच माझ्या विरोधात जाईल. मला रंगबदल नको होता, नोंदीतली चूक दुरुस्त करून हवी होती.

या दोन गोष्टींतला फरक समजून घ्यायला कुणी तयार नव्हतं. दुरुस्तीसाठी पुरावा लागतो, पुरावा म्हणजे बी रजिस्टरचा उतारा. गाडीची पहिली नोंद हाताने ज्या वहीत होते ते बी रजिस्टर. ते रेकॉर्ड रूममध्ये. रेकॉर्ड रूमची किल्ली ज्यांच्याकडे, ते रजेवर. मग निवडणुकीच्या कामावर. मग म्हणे ते रजिस्टर सापडत नाही, १९८८ चे काही गठ्ठे पावसात भिजले. जुनं आरसी बुक समोर ठेवलं तर "यावर शिक्का पुसट आहे." सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर असे गेले. दर फेरीला ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी. एकदा तर दीड तास टोकन धरून उभी राहिले आणि नंबर आल्यावर समोरच्याने मान वर न करता सांगितलं, "मॅडम, एवढी जुनी गाडी, भंगारात टाका ना. कशाला त्रास घेता?"

मी काही बोलले नाही, घरी येऊन गाडीत बसले. त्या गाडीच्या मागच्या सीटवर, आईच्या मांडीवर झोपून मी पंढरपूरला गेले आहे. दहावीचा निकाल मी त्याच सीटवर ऐकला. तिला भंगार म्हणायचा अधिकार त्या खिडकीला कुणी दिला?

एवढ्या दिवसांत गाडी रस्त्यावर काढता येत नव्हती. बॅटरी गेली. टायर एका जागी चपटे होऊ नयेत म्हणून चारी बाजूंना लाकडी ठोकळे लावून ती उचलून ठेवली. तुमची गाडी अशी अडकली तर पहिल्याच आठवड्यात बॅटरीची तार काढून ठेवा.

डिसेंबरमध्ये ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सुचवलं आणि मी माहितीचा अधिकार वापरला. साध्या कागदावर अर्ज, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने. शब्द नेमके ठेवा. "माझ्या गाडीचं काय झालं" असं विचारू नका. मी लिहिलं: अमुक क्रमांकाच्या वाहनाच्या मूळ नोंदणीच्या पानाची प्रमाणित प्रत मिळावी आणि ते रजिस्टर प्रत्यक्ष पाहण्यास मिळावे. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सव्विसाव्या दिवशी पत्र आलं, येऊन पाहा. जे रजिस्टर चार महिने सापडत नव्हतं ते टेबलावर होतं.

लाल कापडी बांधणी, कोपरे वाळवीने खाल्लेले, पानं हात लावला तर तुटतील अशी. शिपायाने पट्टी लावून ओळ दाखवली. बाबांचं नाव, आधी आडनाव. चासी नंबर, इंजिन नंबर. रंगाच्या रकान्यात निळ्या शाईने, थोडं तिरकं, "ब्लू". आणि लगेच खालच्या ओळीत दुसऱ्या कुणाची तरी अँबॅसडर, रंग "व्हाइट". टाइप करणाऱ्याची नजर एक ओळ खाली घसरली होती. त्या बोटभर अंतरासाठी मी पाच महिने हेलपाटे घालत होते. मी त्या पानाचा वास घेतला, ओल्या पोत्यासारखा येत होता, आणि मला एकदम रडू आलं.

प्रतीचे दोन रुपये भरले. ती प्रत, जुन्या पुस्तकाची झेरॉक्स आणि दाराच्या आतलं पॅड काढून घेतलेला फोटो, असं जोडून दुरुस्तीचा अर्ज दिला. दाराच्या पॅडमागे पेंटर कधीच पोहोचत नाही, तिथे कारखान्याचा निळा तसाच होता. मार्चमध्ये दुरुस्ती झाली. अटीप्रमाणे पुन्हा पासिंगआधी गाडी निळी करून आणली.

रंगाचं काम तीन आठवड्यांत झालं. एकच सांगते: रंग जुळवायला बाहेरचा कुठलाही भाग नेऊ नका, तो उन्हाने उडालेला असतो. आम्ही डिकीतल्या मॅटखालचा पत्रा पॉलिश करून त्यावर रंग मोजायचं मशीन लावलं आणि रंग हुबेहूब आला. मरून आणि पुट्टी पूर्ण खरवडून काढायला लावा, पैसे जास्त गेले तरी. पेंटर "वरून मारू" म्हणतो, ऐकू नका. बीडिंग आणि व्हीलकॅप मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले, बुधवारी आणि रविवारी भरतो. कॉन्टेसा २००२ मध्ये बंद झाली, त्यामुळे दिसेल ते उचला, उद्यासाठी ठेवू नका.

राहून गेलं ते: संपूर्ण गाडीला वेगळ्या रंगाची फिल्म चढवली तरी नोंदीचा प्रश्न येतोच, म्हणून भाच्याची मॅट ब्लॅकची फिल्मही बाद. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत सांगितलं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. रंग रचनेत मोडत नसला तरी तो कार्डावर लिहिलेला असतो, तेव्हा बदल असेल तर आधी अर्ज, मग डबा. विमा कंपनीलाही कळवा; अलॉय व्हील लावलीत तर तीही पॉलिसीत लिहून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी अडतं.

अलॉय आम्ही लावली. मूळ मापाचीच घेतली, मडगार्ड शाबूत आहे. लोखंडी चाकं तेल लावून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलीत. म्युझिक सिस्टीम ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, डॅशबोर्डला भोक पाडू दिलं नाही. आणि बॉनेटवर भाच्याचे दोन पट्टे आहेत, लालऐवजी चंदेरी, ओढल्यावर निघतील अशा विनाइलचे. ते त्याने स्वतः लावले, साबणाच्या पाण्याचा फवारा मारत, प्लास्टिकच्या पट्टीने बुडबुडे काढत, संपूर्ण रविवार. निळ्यावर ते शोभतात, हे मी त्याला मनापासून सांगितलं.

नवं कार्ड पोस्टाने आलं तेव्हा मी पाकीट दारातच फाडलं आणि आधी रंगाची ओळ वाचली. मग आईला वाचून दाखवली.