तुम्ही विचारलंत म्हणून: सलाईनच्या नळीतल्या बुडबुड्याचं काय?

"सिस्टर, नळीत हवा शिरलीय, पळत या!" मेडिसिन वॉर्डात एकोणीस वर्षं काढली, पण ही हाक आली नाही अशी नाईट क्वचितच गेली असेल. आता शेजारच्या काकूही लिफ्टमध्ये गाठून विचारतात, "अगं, पिक्चरमध्ये दाखवतात तसा खरंच जातो का गं माणूस, एवढ्याशा बुडबुड्याने?"

नाही जात, काकू. हाताच्या शिरेतून गेलेला गव्हाच्या दाण्याएवढा बुडबुडा हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसात पोचतो, तिथल्या बारीक वाहिन्यांत अडकतो आणि विरून जातो. मोठ्या माणसाच्या जिवावर बेतायला एका दमात पुष्कळ हवा जावी लागते. तान्हं बाळ, हृदयाला छिद्र असलेला पेशंट आणि मानेतली सेंट्रल लाईन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेली नळी), इथे मात्र मी एकही बुडबुडा सोडत नाही. बाकीच्यांच्या नळीवर नखाने टिचकी मारते, बुडबुडा वर, थेंब पडतात त्या चेंबरमध्ये चढतो, नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात. टिचकी निम्मी त्यांच्यासाठीच असते.

बाटली संपली तरी हवा आपोआप आत ओढली जात नाही. नळीतलं पाणी खाली उतरतं आणि शिरेतल्या दाबाशी तोल साधला की थांबतं. सलाईन ढकलणारा पंप लावलेला असेल तर गोष्ट वेगळी. साध्या सलाईनला फार तर रक्त उलटं चढतं, गोठतं आणि इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत ठेवलेली प्लास्टिकची बारीक नळी, बाद होतं. मग पुन्हा टोचणं, पुन्हा "सिस्टर, शीरच सापडत नाही का?" हवेचं भय बाळगायचंच तर बाटलीच्या डोक्यात सुई खुपसायच्या जुन्या सवयीचं बाळगा. त्या सुईतून हवेबरोबर वॉर्डातली घाण आत जाते.

पण मला विचाराल तर मी घाबरते ते नळीवरच्या, थेंबांचा वेग कमी-जास्त करणाऱ्या चाकाला. ते इतकं साधं दिसतं की कुणालाही वाटतं, थोडं सोडलं तर काय बिघडलं?

काही वर्षांपूर्वी जुलाबांनी गळून गेलेले एक आजोबा वॉर्डात होते. पोटॅशियम खाली गेलेलं. पाचशे मिलीच्या बाटलीत केसीएलचा, म्हणजे पोटॅशियम क्लोराईडचा, एक अँप्यूल (छोटी कुपी) घातला, म्हणजे २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं माप). बाटली पाच-सहा वेळा उलटीपालटी केली, कारण केसीएल जड असतं, न हलवता टांगलं तर तोंडाशी साचतं आणि पहिल्या धारेलाच सगळं शिरेत उतरतं. चार तासांत संपवायची होती. आमच्या सेटचे वीस थेंब म्हणजे एक मिली, म्हणून मिनिटाला ४२ थेंब, पंधरा सेकंदांत दहा-अकरा. घड्याळ धरून मोजले आणि दुसऱ्या बेडकडे वळले.

त्यांच्या मुलाला पावणेसातची एसटी गाठायची होती. घरी म्हशींची धार खोळंबलेली. बाटली संपल्याशिवाय वडिलांना सोडून जायला मन होईना, म्हणून त्याने चाक पूर्ण सोडलं. दहा मिनिटांनी आजोबा ओरडले, "हात पेटलाय!" जाऊन बघते तर चेंबरमध्ये थेंब नव्हतेच, धार लागली होती. पाव बाटली गेलेली. चाक बंद केलं, डॉक्टरांना बोलावलं, ईसीजी काढला, रक्त पाठवलं. ठोके नीट होते. तेच केसीएल पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं, हे त्याला कुणी सांगितलं होतं? मीच सांगायचं होतं. आणि 'केसीएल घातलंय' हे लेबल मी भिंतीकडच्या बाजूला चिकटवलं होतं. घाईत. तो मुलगा माझी माफी मागत होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

आता लेबल माणसांच्या बाजूला, लाल अक्षरात. बाटलीवर चिकटपट्टीची उभी पट्टी, तिच्यावर किती वाजता पाणी कुठवर उतरायला हवं, त्या तासातासाच्या खुणा. थेट प्लास्टिकवर मार्करने लिहीत नाही, शाई आत झिरपू शकते. आणि नातेवाइकांना पहिलं वाक्य हेच: "चाकाला हात लावायचा नाही, दादा. घाई असेल तर मला सांगा, मी डॉक्टरांना विचारते. हात दुखला, लाल झाला, सुजला तर लगेच हाक मारा, संकोच करू नका."

इंजेक्शन देण्याआधी इंट्राकॅथचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पंधरा सेकंद घासून वाळू देणं, हे तर रोजचंच. तेही बघा. नुसतं पुसल्यासारखं केलं तर विचारा. ज्युनिअर मुली रागावतील. रागावू द्या.

परवा रात्री एक बाई माझ्याकडे धावत आल्या. मला वाटलं, झालं, बुडबुडा. त्या म्हणाल्या, "सिस्टर, अकराची खूण साडेदहालाच आलीय."

मी पळतच गेले.