आमची वाटचाल : आधी चढउतार, मग सूत्र

आमची संस्था छोटी आहे. शाळा, विद्यापीठं आणि कंपन्यांमध्ये संख्याशास्त्र शिकवणं आणि ते शिकवणाऱ्यांना हाताशी साहित्य देणं, एवढंच आमचं काम. त्याआधी मी पदवीच्या वर्गांना हा विषय शिकवत असे. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत ते सांगणारं माप, काढायला सांगितलं, की बहुतेक मुलं ते न चुकता काढायची. पण दोन यंत्रांवर तयार झालेल्या मालाची मापं समोर ठेवून ‘यातलं भरवशाचं यंत्र कोणतं?’ असं विचारलं, की वर्ग गप्प व्हायचा. ज्या आकड्यात उत्तर दडलं होतं, तो त्यांनी नुकताच वहीत काढलेला असायचा. हे अंतर मिटवायचं म्हणून मी नोकरी सोडून संस्था काढली.

पहिली कामं मिळाली ती कंपन्यांकडून, आणि ती जवळपास सगळी सॉफ्टवेअर शिकवण्याची. ती आम्ही मनापासून केली, त्यावरच संस्था उभी राहिली. मात्र वर्ग संपताना येणारे प्रश्न ऐकून अस्वस्थ व्हायला व्हायचं. ‘पी-मूल्य ०.०५ च्या खाली आलंय, आता अहवालात काय लिहू?’ हा नेहमीचा प्रश्न. (पी-मूल्य म्हणजे मुळात फरक नसेल, तर एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता.) फरक किती मोठा आहे, त्याने कामात काय बदलणार आहे, हे कुणी विचारत नव्हतं. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली पी-मूल्याबद्दल निवेदनच काढलं, त्यात स्पष्ट म्हटलं होतं की हे मूल्य परिणाम किती मोठा किंवा किती महत्त्वाचा ते सांगत नाही, आणि गृहीतक खरं असण्याची शक्यताही सांगत नाही. आमच्या वर्गात बसणारी माणसं हुशार होती, अनुभवी होती. त्यांना शिकताना कुठली कळ दाबायची तेवढंच सांगितलं गेलं होतं.

तेव्हा आम्ही ठरवलं, की पहिलं सत्र संगणकाशिवाय घ्यायचं. त्यासाठी वापरतो ती गुणवत्तातज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांची मण्यांची पेटी. पेटीत पांढरे आणि लाल मणी मिसळलेले असतात, पाचात एक लाल. पन्नास खळग्यांची एक फळी असते. ती पेटीत बुडवायची, वर काढायची आणि लाल मणी मोजायचे. लाल मणी म्हणजे सदोष माल. प्रशिक्षणार्थींपैकी काही जण कामगार होतात, एक जण पर्यवेक्षक. एकाच्या फळीवर सात लाल येतात, दुसरीच्या फळीवर चौदा. पर्यवेक्षकाने प्रत्येक फेरीनंतर शेरा लिहायचा असतो आणि तो लिहितोही: ‘कामात सुधारणा’, ‘लक्ष विचलित’, ‘समज द्यावी’. हे शेरे लिहिताना कुणालाही काही वावगं वाटत नाही, कारण दर महिन्याच्या बैठकीत ते असंच करत असतात.

मग आम्ही सगळे आकडे क्रमाने फळ्यावर मांडतो. पन्नासात सरासरी दहा लाल, प्रमाण विचलन सुमारे २.८. तीन विचलनं वर आणि तीन खाली रेषा ओढल्या, की साधारण दोन ते अठरा लाल मणी, ही सगळी एकाच पेटीची करणी ठरते. सातवाला कुशल नाही आणि चौदावाली आळशी नाही. अशा रेषांच्या तक्त्याला नियंत्रण तक्ता म्हणतात; ही कल्पना संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर श्युहार्ट यांनी १९२४ साली मांडली, म्हणजे शंभर वर्षं झाली. तरीही किती तरी ठिकाणी मागच्या महिन्यापेक्षा आकडा खाली गेला, की स्पष्टीकरण मागितलं जातं. फळ्यावरचा तक्ता आणि वहीतले शेरे शेजारी ठेवले, की खोलीतलं बोलणं बदलतं. ‘मग आमच्या विभागाच्या रेषा कुठे येतील?’ हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि प्रमाण विचलनाचं सूत्र शिकवायची खरी वेळ ती असते.

कंपन्यांमधल्या या अनुभवाने आम्हाला शाळेकडे वळवलं. मोठेपणी हे सगळं पुसून पुन्हा शिकवण्यापेक्षा लहानपणीच का नाही? ख्रिस वाइल्ड आणि मॅक्सीन फानकुख या संख्याशास्त्र शिकवणाऱ्या अभ्यासकांनी १९९९ साली संख्याशास्त्रीय विचारावर एक लेख लिहिला. त्यात शोधाच्या पाच पायऱ्या आहेत: प्रश्न, आखणी, माहिती, विश्लेषण, निष्कर्ष. शाळेच्या पुस्तकातल्या बऱ्याच उदाहरणांमध्ये माहिती आयती मिळते आणि मूल थेट चौथ्या पायरीवर उतरतं. आकडे कुठून आले, कुणी मोजले, का मोजले, याचा पत्ताच नसतो. निष्कर्षाची पायरी तर ‘म्हणून सरासरी = अमुक’ एवढ्यावर संपते.

आमचा शाळेतला पहिला पाठ एका टेबलाचा आहे. प्रत्येकाला पंधरा सेंटिमीटरची पट्टी द्यायची आणि वर्गातलं तेच टेबल मोजायला सांगायचं. पट्टी आखूड असल्याने ती आठ-नऊ वेळा ठेवावी लागते आणि दर वेळी थोडी चूक होते. एका गटाची मापं अशी येतात: ११९.६, १२०.३, ११९.९, १२०.४ आणि १०२. सगळ्या नजरा एकशेदोनवाल्याकडे वळतात. आमची शिक्षकांना विनंती असते, की इथे घाई करू नका. सरासरी काढू द्या: ११६.४. त्या लांबीच्या जवळपासही कुणाचं माप नाही, हे त्यांचं त्यांना दिसू द्या. मग मध्यक, म्हणजे मापं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं माप, काढू द्या: ११९.९. मग वाद होऊ द्या. १०२ काढून टाकायचं का? न विचारता काढलं तर चालेल का? बहुतेक वेळा मूल स्वतःच पुन्हा मोजतं आणि म्हणतं, लिहिताना १२० चे आकडे उलटे झाले. आणि नेमका हा प्रश्न येतो: ‘मग खरी लांबी किती?’ याचं उत्तर शिक्षकाने पटकन देऊ नये असं मला फार वाटतं. तो प्रश्न मुलाच्या मनात राहू द्यावा. अंदाज आणि त्याच्या आजूबाजूची अनिश्चितता, हा सगळा पुढचा अभ्यासक्रम त्या प्रश्नातूनच निघतो.

विद्यापीठातलं काम वेगळं. तिथे प्राध्यापकांना विषय येतो. अडचण असते प्रश्नपत्रिकेची. जे परीक्षेत विचारलं जातं तेच वर्गात टिकतं, त्यामुळे आम्ही नव्या व्याख्यानांपेक्षा नवे प्रश्न तयार करण्यात वेळ घालवला. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांचे १९७३ चे आकड्यांचे चार संच त्यासाठी उत्तम आहेत. प्रत्येकात अकरा बिंदू, चारही संचांत क्षची सरासरी ९ आणि यची ७.५, दोन्ही एकमेकांसोबत किती बदलतात ते सांगणारा सहसंबंध ०.८२ च्या आसपास, बिंदूंवर बसवलेली सरळ रेषाही तीच. पण आलेख काढला तर एकात सरळ कल, एकात वक्र, एकात एकच बिंदू सगळं बिघडवणारा, आणि एकात एका दूरच्या बिंदूमुळेच तयार झालेली रेषा. आम्ही उत्तरं आधीच छापून देतो आणि विचारतो, यातल्या कोणत्या संचावर तुम्ही ही रेषा वापराल, आणि का? तपासायला असा प्रश्न वेळखाऊ आहे, हे प्राध्यापकांचं म्हणणं रास्त आहे. म्हणून प्रत्येक प्रश्नासोबत गुण कसे द्यायचे याचे नमुनेही देतो. आमच्या साहित्यात सर्वाधिक मागणी या नमुन्यांनाच आहे.

रुग्णालयांतल्या प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात. हजार जणींपैकी दहा जणींना आजार आहे. चाचणी दहापैकी आठ जणींचा आजार पकडते आणि निरोगी ९९० पैकी सुमारे ९५ जणींनाही ‘पॉझिटिव्ह’ ठरवते. म्हणजे १०३ पॉझिटिव्हपैकी खरोखर आजारी फक्त आठ. हीच माहिती एक टक्का, ऐंशी टक्के आणि ९.६ टक्के अशी दिली, की ‘पॉझिटिव्ह आलेली बाई खरोखर आजारी असण्याची शक्यता किती?’ याचं उत्तर शिकलेली माणसंही सत्तर-ऐंशी टक्के सांगतात. मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी टक्क्यांऐवजी माणसांच्या संख्येत मांडण्याचा हा मार्ग वर्षानुवर्षं आग्रहाने सांगितला आहे. अशी शक्यता काढायचं बेजचं सूत्र आम्ही या मांडणीनंतरच फळ्यावर लिहितो. कधी कधी लिहायची गरजही पडत नाही.

आता धंद्याचं. कंपन्यांची कामं शाळांच्या कामाला आधार देतात, हे गणित आम्ही ठरवून ठेवलं आहे. एका दिवसात सगळं शिकवून प्रमाणपत्र द्या, अशी मागणी आली तर नम्रपणे नाही म्हणतो. आमची अट असते, की काही आठवड्यांनी पुन्हा यायचं आणि त्या वेळी लोकांनी स्वतःच्या कामातले आकडे घेऊन बसायचं.

सगळ्यात अवघड संवाद होतो तो परिणामाबद्दल. ‘तुमच्या प्रशिक्षणाने आमचे दोष किती कमी होतील?’ असं ग्राहक विचारतात. कंपनी सहसा सगळ्यात मागे पडलेला गट आमच्याकडे पाठवते. मागे पडलेल्या गटाचा पुढचा आकडा आम्ही काही न करताही बऱ्याचदा सुधारतो, कारण त्या खालच्या आकड्यात दुर्दैवाचाही वाटा असतो. असंच काहीसं शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी पाहिलं होतं आणि १८८६ साली मांडलं होतं: फार उंच आईवडिलांच्या मुलांची उंची सरासरीकडे झुकते. ती सुधारणा आमच्या नावावर दाखवून पुढचं काम मिळवणं सोपं आहे. आम्ही ते करत नाही. जो विषय शिकवतो त्याच्याशी ते प्रतारणा ठरेल.

त्याऐवजी ग्राहकाला एक प्रस्ताव देतो. पाठवायचे सगळे गट एका यादीत लिहा, चिठ्ठ्या टाकून अर्धे आत्ता पाठवा आणि उरलेले पुढच्या फेरीत. आत्ता आलेल्या आणि थांबलेल्या गटांचे आकडे शेजारी ठेवू, फरक दिसला नाही तर तेही लिहून देऊ. काही जणांना हा घोळ वाटतो आणि ते दुसरीकडे जातात. जे तयार होतात, त्यांच्याकडे चिठ्ठ्या काढायला आम्ही प्रशिक्षणार्थींनाच बोलावतो, आणि चिठ्ठ्याच का, हे त्यांनीच आपल्या साहेबांना समजावून सांगायचं असतं. नव्या फेरीसाठी अशा याद्या सध्या तयार होत आहेत, आणि यंदा पहिल्यांदाच त्यांत काही शाळांचीही नावं आहेत.